फुग्याबरोबर गेलेली पेटी
(गणेशोत्सवात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोसायटीतली मुलं मला 'फुगेवाले काका' म्हणतात. मी नोकरीत नक्की काय करत होतो, ते एकदा सांगाच, असा सेक्रेटरींचा आग्रह होता. म्हणून उभा आहे.

आकाशातून येणारे क्ष-किरण हवेत शोषले जातात, जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. ते मोजायचे तर उपकरण हवेच्या वर न्यायला हवं. १९१२ साली व्हिक्टर हेस हा शास्त्रज्ञ फुग्यातून पाच किलोमीटरच्या वर गेला आणि त्याने विश्वकिरण शोधले. पुढे १९३६ साली त्याला नोबेल मिळालं. पण हेस स्वतः पाळण्यात बसला होता. काही बिघडलं तर हात लावता येत होता. आमची पेटी एकटी जायची, तीस किलोमीटरच्या वर.

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे. फुगा पातळ पॉलिथिनचा, आत हायड्रोजन. सुटताना तो अर्धवट भरलेला, लांबुळका दिसतो. वर हवेचा दाब कमी होतो तसा फुगत जातो. वाटेत सोळा-सतरा किलोमीटरवर उणे ८० अंशांच्या आसपास थंडी. तिथे बॅटरी गारठते, म्हणून पेटीला थर्मोकोलचं आवरण. आणखी वर उलटी तऱ्हा. हवाच इतकी विरळ की पंखा लावून उपयोग नाही, सर्किट आतल्या आत तापतं.

पण खरा वैरी वेगळाच. आमच्या उपकरणाला दीड हजार व्होल्ट लागायचे. जमिनीवरची दाट हवा ठिणगी पडू देत नाही. उपग्रहाच्या उंचीवर हवा जवळजवळ नसतेच, म्हणून तिथेही ती सहसा पडत नाही. मधल्या विरळ हवेत मात्र काहीशे व्होल्टलाही पडते. म्हणून प्रत्येक जोड सिलिकॉन रबर ओतून बंद करायचा. हे काम माझ्याकडे होतं.

एका उड्डाणात पेटी वर पोहोचली, तासभर छान आकडे आले, आणि मग नुसता गोंधळ. एका विद्यार्थ्याची दोन वर्षांची मेहनत त्यात होती. सोल्डरिंग त्याने केलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "डाग नीट दिला नसणार." तो काही बोलला नाही.

रेडिओवरून आज्ञा दिली, पेटी फुग्यापासून सुटली आणि पॅराशूटने मराठवाड्यातल्या एका शेतात उतरली. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचलो. शेतकरी दादांनी ताडपत्री टाकून ठेवली होती. म्हणाले, "साहेब, पेटीवर मराठीत लिवलंय, उघडू नका म्हणून. रातभर हितंच बसलो. पोरांना बी जवळ येऊ दिलं न्हाई."

पेटी उघडली. विद्यार्थ्याचे सगळे डाग शाबूत. माझ्या रबरात मात्र हरभऱ्याएवढा बुडबुडा, आणि त्यात काळी रेघ. बुडबुड्यातली हवा हळूहळू झिरपून विरळ झाली, आणि तीन तासांनी ठिणगी पडली. निर्वात टाकीत मी अर्ध्या तासाचीच चाचणी घेऊन 'ठीक' असा शेरा मारला होता. घाई होती, दुसरं कारण नाही.

परतताना जीपमध्ये मी त्या मुलाची माफी मागितली. सगळ्यांसमोर आरोप केला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पुन्हा मागितली. त्यानंतर रबर ओतलं की आधी निर्वातात ठेवून बुडबुडे काढायचे, आणि चाचणी उड्डाणाइतकाच वेळ चालवायची, हा नियम मी निवृत्तीपर्यंत पाळला. पुढच्या उड्डाणात त्या मुलाला त्याचे आकडे मिळाले.

त्या दादांनी कुतूहलाने पेटी फोडली असती, तर ती काळी रेघ कुणाला दिसली नसती आणि त्या मुलावरचा ठपका कायम राहिला असता. त्यांना विज्ञान ठाऊक नव्हतं, पण दुसऱ्याची वस्तू जपायची असते हे पक्कं ठाऊक होतं. पंचवीस वर्षं आपण इथे एकत्र राहतोय तेही अशाच जपण्यावर, असं मला वाटतं.

बच्चेकंपनी, प्रश्न विचारा. फुगे मात्र आणलेले नाहीत.