फारकतीच्या बैठकीत लेकराचा प्रश्न



या परिषदेचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. घटस्फोट आणि मुलांचा ताबा या विषयावर मुंबई-पुण्यात चर्चा झाली, की ती कौटुंबिक न्यायालयापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात कितीतरी फारकती पाड्यावर होतात. दोन्हीकडचे पंच बसतात, देज म्हणजे लग्नात मुलीच्या घरी दिलेले वधूमूल्य किती परत करायचे यावर ताणाताण होते, रक्कम ठरते आणि माणसे उठतात. त्या बैठकीत लेकराविषयी काय बोलले जाते, एवढाच प्रश्न आज मला मांडायचा आहे.

ही पद्धत बेकायदा आहे असे समजणारे लोक कोर्टाच्या आवारातही भेटतात. ते चूक आहे. हिंदू विवाह कायदा, 1955 याच्या कलम 2(2) प्रमाणे केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची यांची लग्ने आणि फारकती रूढीने होतात, आणि सिद्ध झालेली रूढी न्यायालय मानते. 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाने रखमाबाईंना सुनावले होते, की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बालपणी लागलेल्या लग्नातून सुटायला शहरातल्या त्या शिकलेल्या बाईला कायद्याने वाट ठेवली नव्हती. इथल्या रूढीत ती होती. हे आपल्या समाजाचे मोठेपण आहे आणि ते मान्य करूनच मी पुढे बोलते.

रूढीच्या दोन दुखऱ्या जागा आहेत. पहिली पुराव्याची. सूरजमणी स्टेला कुजूर प्रकरणात, 2001 मध्ये, नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाविरुद्ध आदिवासी पत्नीने केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. असे लग्न रद्दबातल ठरवणारी रूढी तिने नीट मांडली नव्हती, सिद्धही केली नव्हती. पुढच्याच वर्षी यमनाजी जाधव प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की रूढीने झालेली फारकत ही अपवादाची बाब आहे आणि तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्याने ती रूढी शाबीत केली पाहिजे. म्हणजे स्टॅम्प पेपरवर दोन अंगठे आणि चार सह्या घेऊन नोटरीचा शिक्का मारला, की फारकत पक्की झाली, असे नाही. त्यातच आता शहरालगतच्या गावांत भटजी बोलावून लग्ने लागतात. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मीणा या अनुसूचित जमातीतल्या एका दांपत्याला, लग्न हिंदू रीतीने झाले म्हणून, हिंदू विवाह कायदाच लावला. तेव्हा वकिलांनी पक्षकाराला पहिला प्रश्न विचारावा, तो लग्न कसे लागले हा.

दुसरी जागा जास्त दुखरी आहे. लेकरू बापाच्या कुळाचे. अंगावर पीत असेल तर थोडे मोठे होईपर्यंत आईकडे, अशी समजूत बैठकीत गृहीत धरलेली असते. कधी बोली निघते, ‘पोरं सोड, देज मागत नाही.’ इथे मी स्पष्ट बोलते. देजाचा हिशोब दोन घरांमधला आहे. लेकरू त्या हिशोबातली रक्कम नाही. आईबापांनी असा करार केला, तरी तो न्यायालयाला बांधत नाही. 1890 चा पालक व पाल्य कायदा आदिवासींसह सर्वांना लागू आहे, त्याचे कलम 17 मुलाचे हित पाहायला सांगते, आणि मूल समजते असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते.

अर्ज कुठे करायचा? कलम 9 प्रमाणे, मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत, मूल आजीपाशी किंवा आश्रमशाळेत, अशा घरांत हा प्रश्न अवघड होतो. तेव्हा शाळेचे हजेरीपट आणि दाखला हाच पुरावा ठरतो. शिक्षकांनी ते जपावेत. बाप किंवा मामा अचानक मूल न्यायला आला, तर कागद विचारावा.

आईला मारहाण झाली असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. पोटगीसाठी पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाले आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा असतो. बाई असो, मूल असो, की आदिवासी पुरुष असो, विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे वकील मोफत मिळतो; उत्पन्नाची अट नाही. धडगावच्या डोंगरातून उतरून येणाऱ्या आईला हे तालुक्यालाच समजले पाहिजे. नंदुरबारला पोहोचेपर्यंत तिची दोन दिवसांची मजुरी गेलेली असते.

आता माझ्या सूचना. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे पूर्ण तालुके, तसेच नंदुरबार व शहाद्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायदा, 1996 रूढी आणि तंटे मिटवण्याची पारंपरिक रीत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो. तो अधिकार वापरा. आपल्या गावात फारकत कोणत्या रीतीने होते, ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून ठेवा. उद्या न्यायालयात तो ठराव बोलेल. आणि पंचांनी देजाआधी लेकराचा विषय घ्यावा. ते कोणाकडे राहील, खर्च कोण किती देईल, दुसऱ्या पालकाला ते होळीला, सुट्टीत कधी भेटेल, हे लिहावे. त्याच कागदात बापाने एक कबुली द्यावी: जात वैधतेसाठी लागणारे 1950 पूर्वीचे घराण्याचे कागद तो अडवणार नाही. मूल आईकडे वाढले आणि बापाने कागद अडवले, तर बारावीनंतर त्याचा प्रवेशच अडतो.

पंचांचा हा कागद न्यायालयाच्या आदेशाची जागा घेणार नाही. म्हणून वकील मित्रांनो, तो घेऊन जिल्हा न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करणे हे आपले काम आहे. या परिषदेने त्या कागदाचा मसुदा मराठीत तयार करावा, भिलोरी आणि पावरीत तो वाचून दाखवण्याची सोय करावी, आणि येत्या ग्रामसभांपुढे ठेवावा, असा ठराव मी अध्यक्ष म्हणून मांडते. आपण तो मंजूर कराल, अशी मला खात्री आहे.