झाडू मागणारा कैदी

रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली एका कैद्यानं साहेबांकडं भलतंच मागणं मांडलं: मला संडास साफ करायचं काम द्या. कैदी होते सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे आपले अप्पासाहेब. जातीनं ब्राह्मण, पुण्यात कॉलेजात शिकवून आलेले. तुरुंगात कामं वाटली जात ती जात बघून. वरच्या जातीच्या हातात झाडू द्यायची सोय नव्हती.

नकार मिळाल्यावर अप्पासाहेबांनी जेवणालाच हात आखडता घेतला. हे येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींना कळलं, आणि डिसेंबरात त्यांनीही उपवास धरला. त्यांचं पुणे कराराचं उपोषण सुटून दोनच महिने झालेले! सरकारनं लगबगीनं विचार करायचं आश्वासन दिलं.

त्या काळचा टोपलीचा संडास आजच्या पोरांना सांगून कळायचा नाही. मागच्या भिंतीला झापड, आत टोपली नाहीतर डबा. भरला की डोक्यावर घेऊन निघायचं. आपल्या कोकणातल्या पावसात तो मैला कुठं कुठं ओघळत असेल, ते वाहणाऱ्यालाच ठाऊक.

नुसता झाडू हाती धरून हे संपणार नाही, हे अप्पासाहेबांनी ओळखलं. १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम काढला, सावंतवाडीहून एस.टी.नं तास-सव्वा तासाची वाट. तिथला ‘गोपुरी संडास’ दोन कप्प्यांचा. एक वापरात, दुसरा बंद. वर माती, पालापाचोळा पसरायचा. काही महिन्यांनी फावड्यानं उपसायचं ते सोनखत. घाण नाही, वास नाही, थेट माडाच्या आळ्यात. मेलेल्या गुरांचं कातडं कमावायचं कामही आश्रमात चाले. या कामांवरून गावात काय बोललं गेलं असेल, ते कोकणी माणसाला सांगायला नको.

गांधीजींना मानणारे अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये मुंबईत, गांधीजी जिथं उतरत त्या मणिभवनात राहून गेले. त्यांचा शेवटचा लढाही सफाई कामगारांचाच. फेब्रुवारी १९६८ मध्ये मेम्फिस शहरात पावसापासून आडोशाला कचरागाडीत शिरलेले दोन कृष्णवर्णीय कामगार तिच्या यंत्रात चिरडले गेले. तेराशेच्या आसपास कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ अशा पाट्या घेऊन रस्त्यावर उतरले. किंग त्यांच्यासाठी तिथं गेले आणि ४ एप्रिलला तिथंच गोळीला बळी पडले.

अप्पासाहेब १९७१ साली गेले. माणसाकडून हातानं मैला उचलून घेणं गुन्हा ठरवणारा कायदा आला १९९३ मध्ये. २०१३ मध्ये संसदेला त्यासाठी पुन्हा नवा कायदा करावा लागला.