गव्हाच्या बदल्यात मत

आपला पाटस-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला, इथली भाकरी शाळूची. साठीच्या दशकात महाराष्ट्रात रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आला. त्याच्या पिठाला चिकटपणा नव्हता. उकड काढून मळलं तरी भाकरी थापताना कडेनं चिरायची. तरी त्या धान्यानं माणसं जगवली, हे कृतज्ञतेनं सांगायला हवं. पण ते अमेरिकेच्या बंदरातून कधी निघायचं, हे केवळ आपल्या भुकेवर ठरत नव्हतं. १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेचं, पी. एल. ४८० या तिथल्या अन्नमदतीच्या कायद्याखाली. अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार टाळून मंजुरी थोडी थोडी, हात राखून द्यायला सुरुवात केली. शेतीत सुधारणा करा, हा एक आग्रह. व्हिएतनामवरच्या बॉम्बहल्ल्यांवर भारत टीका करतो, हा दुसरा राग. जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत हे हल्ले थांबवण्याची मागणी केली, तेव्हा तो आणखी वाढला.

यातून अमेरिकेला काय मिळालं? व्हिएतनामबाबत भारताची भूमिका बदलली नाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये भारतानं सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला, आणि डिसेंबरच्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात अमेरिकेनं मदत थांबवली तरी भारत मागे हटला नाही. कोणी म्हणेल, त्या दडपणामुळेच आपली शेती सुधारली. पण शेतीची अट आणि व्हिएतनामची अट एका तागडीत घालता येत नाहीत. नवं बियाणं, खतं, शेतमालाला रास्त भाव हे कृषिमंत्री चिदंबरम सुब्रमण्यम यांनाही हवंच होतं. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आलं ते त्यातूनच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसा देणाऱ्याचा, मग त्यानं मित्र पाहून का देऊ नये? शस्त्रांच्या बाबतीत जरूर पाहावं. दुष्काळातल्या धान्याला तो न्याय लावला, तर सरकारच्या मताची किंमत त्या मतात काडीचाही वाटा नसलेलं पोर मोजतं. शिवाय धमकीनं मतही हाती लागत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये, जेरुसलेमला इस्रायलची राजधानी मानण्याविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावावर, अमेरिकेनं मदत तोडण्याचा इशारा दिला. तरी १२८ देशांनी तिच्या विरोधात मत दिलं. त्यात भारत होता, आणि तिच्या मदतीचा मोठा वाटा घेणारे इजिप्त आणि जॉर्डनही होते.

आज देणाऱ्यांच्या रांगेत आपणही आहोत, म्हणून हा हिशेब आपल्यालाही लागू आहे. शेजारचा देश आपल्याविरुद्ध बोलला की मदत तोडा, अशी मागणी आपल्याकडेही होते. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये अफगाणिस्तानसाठी गव्हाचे ट्रक अटारीहून निघाले. तालिबान सरकारला भारताची मान्यता नव्हती, वाट पाकिस्तानातून होती, आणि तरीही गहू गेला.