पटावरील नाव आणि नापासाचा शेरा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाच्या नावापुढे शाळा सोडल्याचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असतो. जुनी रजिस्टरे चाळली, तर त्या रकान्यात ‘सतत गैरहजर’, ‘पालकांचे स्थलांतर’, ‘घरकामासाठी’ असे शेरे ओळीने आढळतात. ‘नापास झाल्यामुळे’ असा शेरा मात्र क्वचितच दिसतो. तथापि त्याच मुलाचा मागील वर्षाचा निकालपत्रक काढून पाहावा. पुष्कळदा तेथे नापासाची खूण असते. मूल नापास झाले, धाकट्या मुलांच्या पंक्तीत बसण्याची त्याला लाज वाटली, ते चार दिवस घरी राहिले, मग चाळीस दिवस राहिले आणि शेवटी त्याचे नाव पटावरून कमी झाले. कागदावर कारण गैरहजेरीचे लागले. खरे कारण एक वर्ष अगोदरच घडून गेले होते.

हा प्रश्न आजचा नाही. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. पुढे 1929 साली हार्टोग समितीने आपल्या अहवालात प्राथमिक शिक्षणातील दोन दोष निरनिराळे करून दाखविले. शिक्षण पुरे होण्याआधीच मूल शाळेतून निघून जाणे हा एक, आणि एकाच वर्गात एकाहून अधिक वर्षे अडकून पडणे हा दुसरा. आपण त्यांना गळती आणि स्थगिती म्हणतो. हे दोन दोष वेगळे मोजले जातात, परंतु खेड्यातील मुलाच्या आयुष्यात ते एकामागून एक येतात. स्थगिती ही गळतीची पहिली पायरी ठरते.

कायद्याने या दोन गोष्टींत स्पष्ट भेद केला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या कलम 16 अन्वये प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हते आणि शाळेतून काढूनही टाकता येत नव्हते. या तरतुदीचा अर्थ अनेक ठिकाणी चुकीचा लावला गेला. ‘नापास करावयाचे नाही’ याचा अर्थ ‘तपासावयाचे नाही’ असा घेतला गेला. वास्तविक त्याच अधिनियमाच्या कलम 29 मध्ये सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन सांगितलेले होते. तपासणी करावी, उणीव शोधावी आणि ती भरून काढावी, हाच त्याचा हेतू होता. उणीव न शोधता मुलास वर ढकलणे हाही त्याच्यावर अन्यायच होय.

2019 साली या कलमात दुरुस्ती झाली. पाचवी व आठवीच्या वर्षअखेरीस नियमित परीक्षा, अनुत्तीर्ण बालकास जादा अध्यापन, दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा, आणि तीतही ते अनुत्तीर्ण झाल्यास त्यास मागे ठेवण्याची मुभा, असा तिचा क्रम आहे. महाराष्ट्रात 2023 साली त्याप्रमाणे नियम बदलले. परंतु एक गोष्ट बदललेली नाही. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकास शाळेतून काढून टाकता येत नाही. मागे ठेवण्याची मुभा म्हणजे नाव कमी करण्याची मुभा नव्हे.

उदाहरणादाखल पाचवीतील एक मुलगा डोळ्यांसमोर आणावा. दिवाळी झाली की त्याचे आईबाप मुकादमाच्या टोळीबरोबर कारखान्याच्या मुलखात ऊसतोडीस जातात. मुलगाही बरोबर जातो. पाडव्याच्या सुमारास तो परततो आणि थोड्याच दिवसांत परीक्षेस बसतो. गणितात तो अनुत्तीर्ण होतो. बाप शाळेत येऊन म्हणतो, “गुरुजी, पोराचं नाव काढून टाका. त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. औंदा आमच्यासंगं कोयता धरील.”

अशा वेळी गुरुजींनी काय करावे? रागे भरू नये, उपदेशही लांबवू नये. “नाना, नाव काढायचा अधिकार कायद्यानं मला दिलेला नाही. पोराच्या डोक्यात काय शिरत नाही, ते आपण दोघं मिळून आधी बघू,” एवढे म्हणून उत्तरपत्रिका पुढे घ्यावी.

उत्तरपत्रिकेत 52 वजा 37 याचे उत्तर 25 लिहिलेले आहे. दुसऱ्या उदाहरणात 81 वजा 46 याचे उत्तर 45 आहे. ही उत्तरे बेफिकिरीची नाहीत. मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे. त्यास वजाबाकी येते. दशक मोडून एकक कसे करावे, एवढेच येत नाही. ज्या दिवसांत वर्गात हे शिकविले गेले, त्या दिवसांत तो फडात होता. परंतु याच मुलाने तेथे मोळ्या बांधताना आणि मोजताना पाहिल्या आहेत. दहा काड्यांची एक अशा पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवाव्यात आणि त्यातून सात सुट्या काड्या मागाव्यात. मोळी सोडल्यावाचून सुट्या मिळत नाहीत, हे त्यास कोणी सांगावे लागणार नाही. मग तीच गोष्ट पाटीवर आकड्यांत मांडावी. निकालपत्रकावर ‘गणितात नापास’ असे दोन शब्द असतात. प्रत्यक्षात उणीव एका पायरीची असते.

येथे कालगणनेचाही विचार करावयास हवा. निकाल लागतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर, आणि पुनर्परीक्षेची मुदत सुट्टीतच सरू लागते. म्हणून जादा अध्यापन निकालानंतर सुरू करून भागणार नाही. मूल गावी परतले त्याच आठवड्यात ते सुरू व्हावे. कलम 24 अन्वये बालकाची कुवत पाहून आवश्यक तेथे जादा अध्यापन करणे आणि पालकांस त्याची प्रगती कळविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे.

यासाठी चार गोष्टी कटाक्षाने कराव्यात. पहिली, दिवाळीपूर्वीच स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी करावी. मूल आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकेल काय, याचा विचार शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा. दुसरी, मूल जाणारच असेल, तर त्याच्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे तेथील शाळा त्यास बसवून घेईल. तिसरी, अनुत्तीर्ण मुलापुढे केवळ गुण न लिहिता त्यास नेमके काय येत नाही, ते एका ओळीत लिहावे. पुढील शिक्षकास तीच ओळ उपयोगी पडते. चौथी, पुनर्परीक्षेनंतरही मूल त्याच वर्गात राहिले, तर पहिल्या दिवशी त्याच्या घरी स्वतः जावे. त्यास मागच्या बाकावर बसवू नये, वर्गात ‘नापास’ म्हणून हाक मारू नये, आणि एखादे जबाबदारीचे काम त्याच्याकडे सोपवावे.

हे सर्व कशासाठी, याचे उत्तर आठवीच्या पुढे आहे. कलम 16 चे संरक्षण आठवीपर्यंतच पोहोचते. नववीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास, दहावीच्या निकालाची टक्केवारी राखण्यासाठी, “दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भर” असे सुचविले जाण्याचे प्रकार घडतात. खाजगीरीत्या परीक्षेस बसण्याची ती सोय ज्यास खरोखरच शाळेत येता येत नाही त्याच्यासाठी आहे. शाळेत येऊ इच्छिणाऱ्यास बाहेर घालविण्यासाठी नाही. नववीच्या दारात ज्या मुलावर हा प्रसंग येतो, त्याची वजाबाकी बहुधा पाचवीच्या आधीच अडलेली असते. ती जेथे अडली, तेथेच सोडविणे प्राथमिक शिक्षकाच्या हाती आहे.

येत्या जूनमध्ये हजेरीपट नव्याने लिहिताना मागील वर्षीच्या पटावरील प्रत्येक नाव पुढे आले आहे काय, हे एकदा बोट ठेवून पाहावे. एखादे नाव राहून गेले असेल, तर ते मूल कोठे आहे याचा शोध त्याच दिवशी सायंकाळी घ्यावा. नाव कमी करण्यास लेखणीची एक रेघ पुरते. ते मूल पुन्हा शाळेच्या पायरीवर आणावयास कित्येक वर्षे लागतात, आणि कधी कधी ते येतच नाही.