चुनखडीचा खडा आणि कर्बाचा पडदा



चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीची पालखी आमराईकडे निघाली म्हणजे वाटेवरच्या रानात चुनखडीचे खडे वेचण्यासाठी लोटणारा जनसमुदाय आपण येरमाळ्यात सर्वांनीच पाहिला आहे. त्या खड्यात कॅल्शियम आणि कर्ब ही दोन मूलद्रव्ये प्राणवायूच्या संगतीने नांदत असतात. याच दोघांची निराळ्या स्थळी पडलेली गाठ मला आज सांगावयाची आहे.

कर्बाचे अणू षट्कोनी जाळीत गुंफून झालेला, अवघा एक अणू जाडीचा जो पडदा, त्यास ग्राफीन म्हणतात. 2004 साली मँचेस्टर येथे गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो ग्राफाइटवरून साध्या चिकटपट्टीने सोडवला आणि 2010 साली नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी झाले. या पडद्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशवेगाच्या सुमारे तीनशेव्या हिश्श्याने, जणू वस्तुमानच नसल्यासारखे, धावतात.

असे असूनही त्यांची वाट पदोपदी मोडते. दोष बहुधा पडद्याचा नसतो. तो त्याच्या बैठकीचा, म्हणजे खालच्या सिलिकाच्या थरात अडकून पडलेल्या विद्युत्भारित परक्या कणांचा असतो. कण भाररहित असता तर त्याचा उपद्रव त्याच्या जागेपुरताच राहिला असता; परंतु भाराचा अंमल अंतराबरोबर सावकाश ओसरतो, आणि म्हणूनच वाटेत आडवा न येताही तो दुरून इलेक्ट्रॉनची दिशा फिरवू शकतो. पडद्यात इलेक्ट्रॉन विपुल असले म्हणजे तो उपद्रव कमी जाणवतो. ते विरळ झाले की, पाऊस थांबल्यावर शेतात ठायीठायी पाणी साचावे तशी, कोठे इलेक्ट्रॉनांची तर कोठे त्यांच्या उणिवेची डबकी साचतात. 2008 साली मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी निर्वातात ग्राफीनवर पोटॅशियमचे अणू जाणूनबुजून शिंपडले, तेव्हा भारित अणू जसजसे वाढले तसतशी इलेक्ट्रॉनांची चलनक्षमता त्याच प्रमाणात घटत गेली. बैठकच बदलावी, ही तजवीज त्यानंतरची: बोरॉन नायट्राइडच्या सपाट, स्वच्छ थरावर ग्राफीन ठेवण्याची रीत 2010 पासून रूढ झाली, आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. मंदार देशमुख यांच्या प्रयोगशाळेतही अशाच थरांत ग्राफीन बसवून काम चालते.

तथापि परक्या अणूस केवळ उपद्रवी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. अणुगर्भाचा भार सुमारे 170 च्या पलीकडे गेला तर इलेक्ट्रॉनची कक्षाच ढासळेल, असे भाकीत पदार्थविज्ञानाने फार पूर्वी केले होते. परंतु ज्ञात मूलद्रव्यांची यादी 118 पाशी संपते, मग पडताळा घ्यावा कोठे? ग्राफीनमधील इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाहून पुष्कळ कमी, त्यामुळे तेथे भाराची ओढ त्या मानाने फार प्रबळ ठरते, आणि थोडक्या भारावर काम भागते. 2013 साली बर्कले येथील क्रॉमी यांच्या प्रयोगशाळेत नायट्राइडवरील ग्राफीनच्या पृष्ठावर कॅल्शियमच्या अणूंच्या जोड्या सूक्ष्मदर्शकाच्या सुईने ढकलून एकमेकींजवळ आणण्यात आल्या. कॅल्शियम आपले इलेक्ट्रॉन पडद्यास देऊन स्वतः धनभारित होतो, म्हणून त्या जोड्यांचा पुंजका कृत्रिम अणुगर्भाचे काम करू लागला. एकेक जोडी वाढवीत ते पाचांपर्यंत गेले, आणि पाच जोड्यांच्या पुंजक्याभोवती त्या ढासळणाऱ्या कक्षेची खूण प्रथमच स्पष्ट उमटली.