रोग्यांनीं चालविलेलें आरोग्यकेंद्र
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत वक्त्यानें मागील पन्नास वर्षांचा गौरव करावा, असा शिरस्ता आहे. तो गौरव आमच्यापूर्वीं बोललेल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं यथास्थित केला आहे. आम्ही आपणांस दूरदेशची एक हकीकत सांगणार आहों. महोत्सवाची आठवण म्हणून आपण गोरगरिबांसाठीं दवाखाना उघडण्याचें योजिलें आहे; त्या योजनेशीं या हकीकतीचा कसा निकटचा संबंध आहे, हें शेवटीं आपल्या ध्यानांत येईल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिसिसिपी हें एक संस्थान. त्याच्या वायव्य भागांत नदीच्या पुरांनीं आणलेल्या गाळाची सपाट व अत्यंत सुपीक जमीन पसरली आहे. तिला डेल्टा म्हणतात. तेथील कापसानें पुष्कळांस धनाढ्य केलें. परंतु तो ज्यांनीं पिकविला ते कृष्णवर्णीय लोक दरिद्रीच राहिले. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, तरी जमीन धन्याचीच राहिली आणि कालचा गुलाम आज अर्धेलीनें कसणारा कूळ झाला. हिशोबाची वही धन्याच्या हातीं. त्यामुळें वर्षाअखेर कुळाच्या पदरीं बहुधा कर्जच पडे. शाळा निराळी, बसण्याची जागा निराळी, आणि दुखणें आलें तर डॉक्टरच्या घरींही गोऱ्यांची खोली निराळी व काळ्यांची निराळी.

अशा त्या मुलखांत १८८७ सालीं आयझाया माँटगोमेरी व त्यांचे चुलतभाऊ बेंजामिन ग्रीन या गुलामगिरींत जन्मलेल्या दोन गृहस्थांनीं जंगल तोडून माऊंड बायू नांवाचें गांव वसविलें. तेथें सारी वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि गांवचा कारभारही त्यांचाच. १९४२ सालीं याच गांवांत ताबोर या नांवाच्या बंधुमंडळानें सभासदांच्या लहान लहान वर्गण्यांतून स्वतःचें रुग्णालय उभारलें. इतरत्र ज्यांस मागील दारानें जावें लागे, ते लोक त्या रुग्णालयांत पुढील दारानें जात. ज्यांस मागल्या दाराचा अनुभव आहे, त्यांसच या गोष्टीचें मोल कळेल.

पुढें कापूस वेचणारीं यंत्रें आलीं, तणनाशक औषधें आलीं, आणि हजारों मजुरांचें काम गेलें. १९६० नंतरच्या त्या वर्षांत डेल्टांतील खोपटांतून लहान मुलें अन्नावांचून सुकत होतीं, आणि कित्येक कुटुंबांस पिण्यास शुद्ध पाणी नव्हतें. १९६४ सालीं कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराची चळवळ तेथें जोरांत चालली असतां, चळवळीच्या स्वयंसेवकांची शुश्रूषा करण्यासाठीं कांहीं डॉक्टर मिसिसिपींत गेले. त्यांत बोस्टनचे डॉ. जॅक गायगर हे होते. स्वयंसेवकांच्या जखमा बांधतां बांधतां त्यांच्या लक्षांत आलें कीं, येथील लोकांचें दुखणें जुनें आहे व तें नुसत्या मलमपट्टीनें जाणारें नाहीं.

डॉ. गायगर यांनीं विद्यार्थिदशेंत, १९५७ सालीं, दक्षिण आफ्रिकेंतील फोलेला येथें कांहीं महिने काढले होते. तेथें सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्यानें १९४० सालीं झुलू लोकांकरितां एक केंद्र काढलें होतें. तेथें औषध दिलें जाई. परंतु त्याबरोबरच पाणी, अन्न, शेती व घर यांचाही विचार होई. तोच प्रयोग आपल्या देशांत करावा असें गायगर यांच्या मनानें घेतलें. डॉ. काउंट गिब्सन या सहकाऱ्यासह त्यांनीं टफ्ट्स विद्यापीठाचा आश्रय व सरकारचें द्रव्यसाहाय्य मिळविलें. पहिलें केंद्र १९६५ सालीं बोस्टन शहराच्या एका गरीब वस्तींत निघालें. दुसरें १९६७ सालीं माऊंड बायू येथें. तेंच डेल्टा आरोग्यकेंद्र.

येथपर्यंतची हकीकत एखाद्या परोपकारी डॉक्टरची वाटेल. परंतु खरी हकीकत येथून पुढें आहे.

केंद्राचें दार उघडण्यापूर्वींच जॉन हॅच नांवाचे एक कृष्णवर्णीय समाजसेवक उत्तर बोलिव्हर परगण्यांतील गांवोगांव फिरूं लागले. लोकांच्या घरीं व प्रार्थनामंदिरांत बसून त्यांनीं एकच प्रश्न विचारला : तुम्हांस काय हवें? उत्तरें आलीं तीं डॉक्टरांस अनपेक्षित होतीं. लोकांनीं आधीं अन्न मागितलें, काम मागितलें, पाणी मागितलें. डॉक्टरचें नांव त्यानंतर. हॅच यांनीं तीं उत्तरें बाजूस सारलीं नाहींत. प्रत्येक गांवीं आरोग्यसभा स्थापन झाली, सभेनें आपले प्रतिनिधि निवडले, आणि त्या प्रतिनिधींचें परगण्याचें आरोग्यमंडळ झालें. ज्यांस आजवर मत देण्याचीही चोरी होती, ते मोलमजूर व मोलकरणी त्या मंडळांत बसून काय आधीं व काय मागून, हें ठरवूं लागल्या.

त्याप्रमाणें काम सुरू झालें. विहिरी खोदल्या, शौचकूप बांधले, घरांच्या खिडक्यांस डासमाश्यांची जाळी बसविली. उपासमारीनें आजारी पडलेल्या मुलांसाठीं डॉक्टरांनीं औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजीपाला व मांस लिहिण्यास प्रारंभ केला. ती चिठ्ठी घेऊन आईनें गांवच्या दुकानीं जावें, माल न्यावा, आणि दुकानदारानें पैसे केंद्राच्या औषधखात्यांतून घ्यावे, अशी व्यवस्था होती. ही वार्ता गव्हर्नरांच्या कानीं जातांच मोठी ओरड झाली, आणि राजधानींतून एक अधिकारी जाब विचारण्यास आला. औषधाचा पैसा औषधासाठींच, असें त्याचें म्हणणें. तेव्हां डॉ. गायगर यांनीं त्यास शांतपणें सांगितलें कीं, आमच्या वैद्यकग्रंथांत उपासमारीवर अन्न हेंच औषध सांगितलें आहे. अधिकारी निरुत्तर होऊन परत गेला.

तथापि चिठ्ठीवर मिळालेलें अन्न हें दुसऱ्याच्या हातचें अन्न, हें लोक जाणून होते. त्यांस शेती येत होती. नव्हती ती जमीन. म्हणून आरोग्यसभांच्या प्रेरणेनें सहकारी शेत निघालें. शेंकडों कुटुंबांनीं आपले श्रम घातले, आणि जेथें पूर्वीं धन्याचा कापूस पिकवावा लागे त्याच मुलखांत स्वतःसाठीं भाजी व कडधान्य पिकविलें.

आम्हां कॅथलिकांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. १९६७ च्या अखेरीस संत व्हिन्सेंट द पॉल यांच्या दया-कन्यांपैकीं सिस्टर मेरी स्टेला सिम्प्सन या माऊंड बायूस आल्या. सुईणीची विद्या शास्त्रोक्त शिकलेल्या या परिचारिका इंडियाना संस्थानांतील एव्हान्सव्हिल येथील रुग्णालयांत काम करीत असत. वय सत्तावन्नाच्या सुमाराचें, म्हणजे आमच्याएवढें. त्या वयांत चिखलाच्या वाटेनें त्या घरोघर गेल्या, गरोदर स्त्रियांस व नुकत्याच बाळंत झालेल्या मातांस भेटल्या, आणि जें पाहिलें तें पत्रांतून आपल्या भगिनींस कळविलें. तीं पत्रें १९७८ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं.

परंतु आमच्या मनांत सर्वांत अधिक ठसली ती एल. सी. डॉर्सी या बाईंची कथा. डेल्टांतील अर्धेलीच्या कुळांत जन्मलेली ही स्त्री. मुलेंबाळें झाल्यावर ती केंद्राच्या कामांत शिरली, सहकारी शेताच्या उभारणींत पुढें झाली, राहिलेलें शिक्षण पुरें करीत करीत समाजकार्यांत डॉक्टर झाली, आणि १९८८ सालीं त्याच आरोग्यकेंद्राची संचालिका झाली. गायगर यांच्यासारख्या परक्या व गौरवर्णीय माणसानें केंद्र काढलें हें मोठेंच. पण दोन दशकांनीं त्या खुर्चीवर तेथल्याच मातींतील, एके काळीं कापूस वेचणारी स्त्री बसली, हें त्याहून मोठें. वर्णद्वेष म्हणजे केवळ शिवी देणें किंवा दार लावणें नव्हे. 'तुझें हित तुला कळत नाहीं, तें आम्ही ठरवूं,' असें मनांत धरणें हाही वर्णद्वेषच. आणि हा प्रकार दयाळू माणसांच्या ठायींही आढळतो.

तें केंद्र आजही चालू आहे. डेल्टांतील दारिद्र्य मात्र गेलेलें नाहीं. तो प्रदेश अद्यापि अमेरिकेंतील अतिगरीब प्रदेशांत मोडतो. परंतु त्या दोन केंद्रांपासून निघालेली परंपरा देशभर पसरली. अशा सुमारें १४०० संस्था आज तेथें आहेत, आणि २०२२ सालीं त्यांनीं ३ कोटींहून अधिक लोकांची सेवा केली. सरकारी अनुदान घेणाऱ्या अशा संस्थेच्या नियामक मंडळांत निम्म्याहून अधिक सभासद त्याच केंद्रांत उपचार घेणारे असले पाहिजेत, असा तेथें कायदाच आहे.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा, असें कोणी समजूं नये. तेथें रंग आहे, येथें जात आहे. आपल्याच महाराष्ट्रांत जामखेड येथें १९७० नंतरच्या वर्षांत डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें गांवोगांवच्या स्त्रियांस आरोग्यसेविका केलें. त्यांत अनेक निरक्षर होत्या, अनेक अस्पृश्य मानलेल्या जातींच्या होत्या. ज्यांच्या हातचें पाणी गांवास चालत नव्हतें, त्यांच्याच हातून गांवानें औषध घेतलें.

आतां आम्ही आमच्या अपराधाकडे येतों. आपल्या नियोजित दवाखान्याच्या मंडळाची अकरा नांवांची यादी गेल्या महिन्यांत तयार झाली, ती आमच्याच हातची आहे. बागायतदार, शिक्षक, निवृत्त अधिकारी, दोन डॉक्टर, आणि अध्यक्षस्थानीं आम्ही. एकेक नांव भलें आहे. परंतु दवाखाना मुख्यतः ज्यांच्यासाठीं, त्या पाड्यावरचें एकही नांव त्यांत नाहीं. एका तरुणानें तसें विचारलें, तेव्हां 'त्यांना सभेची रीत ठाऊक नाहीं,' असें उत्तर आम्हीं दिलें.

पुढच्याच आठवड्यांत पाड्यावरची एक वृद्ध बाई देवळाच्या पायरीवर आम्हांस भेटली. ती म्हणाली, “फादर, दवाखाना सकाळीं दहा ते बारा उघडा राहणार म्हणतात. त्या वेळीं आम्ही सगळीं कामावर. खाडा केला तर रोज बुडतो. मग तो दवाखाना कोणासाठीं?” आम्हांजवळ उत्तर नव्हतें. आम्ही अकरा शहाणीं माणसें तीन वेळां बसलों, चहा घेतला, इमारतीचा रंगही ठरविला. पण ही साधी गोष्ट एकाच्याही ध्यानांत आली नाहीं. येण्याचें कारणही नव्हतें, कारण आमच्यापैकीं कोणाचाच रोज बुडत नव्हता.

म्हणून ती यादी आम्ही आज या सभेपुढें मागें घेत आहों. पाड्यावरील स्त्रीपुरुषांनीं आपली सभा भरवावी, आपलीं सहा माणसें निवडावीं. उरलेल्या पांच जागा शिक्षक, डॉक्टर इत्यादि मंडळींनीं घ्याव्या. अध्यक्ष कोण, हें त्या अकरांनीं ठरवावें. आम्ही त्या जागेवरून आजच उठलों आहों. ज्यांचीं नांवें गळतील त्यांस वाईट वाटेल, हें आम्ही जाणतों, व त्यांची हात जोडून क्षमा मागतों. मंडळाची बैठक रात्रीं, कामावरून लोक परतल्यावर, आणि पाड्यावरच व्हावी. दवाखान्याची वेळ तेथेंच ठरेल.

त्या पहिल्या बैठकीस आम्ही येऊं, आणि विचारल्यावांचून बोलणार नाहीं. ज्यांस आमच्याबरोबर यावयाचें असेल, त्यांनीं कंदील घेऊन यावा. वाटेवर दिवे नाहींत, हेंही आम्हांस त्या बाईनेंच सांगितलें.

परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो. आमेन.