पाटकऱ्याची वाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कालव्यांच्या कामावर मी एकतीस वर्षं काढली. कालवा म्हटला, की त्याच्या कडेनं चालणारा एक माणूस आलाच. आपल्याकडे त्याला पाटकरी म्हणतात. खांद्यावर फावडं, रात्री हातात कंदील किंवा बॅटरी, आणि पायांखाली भरावावरची दोन-तीन फुटांची वाट. आज मला बोलायचं आहे ते स्पेनमधल्या डोंगरवाटांबद्दल. पण त्यातल्या दोन गाजलेल्या वाटा मुळात पाटकऱ्याच्याच होत्या, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

माझी मुलगी नोकरीनिमित्त माद्रिदला असते. २०१८ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. राजवाडा झाला, चित्रांची संग्रहालयं झाली. चार दिवसांनी माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला आता तुमच्या आवडीचं काहीतरी दाखवते. कालवाच आहे, पण जरा उंचावर आहे."

ती आम्हाला दक्षिणेला, आंदालुसियातल्या मालागा प्रांतात घेऊन गेली. तिथं ग्वादालोर्से नावाच्या नदीनं चुनखडीचा डोंगर उभा चिरलेला आहे. वरून पाहिलं, तर सुरीनं कापल्यासारखी घळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका वीज कंपनीनं या घळीतल्या उताराचा उपयोग करायचं ठरवलं. वरच्या अंगाला पाणी अडवायचं, कड्याच्या पोटातून कालव्यानं पुढं न्यायचं आणि खाली सोडून वीज तयार करायची. मग कालव्यावर देखरेख ठेवणाऱ्यांनी जायचं कुठून? म्हणून १९०१ ते १९०५ या काळात कड्याला लोखंडी तुळया ठोकून त्यावर काँक्रीटची जेमतेम मीटरभर रुंदीची वाट टांगली गेली. खाली शंभर मीटरवर नदी. कड्यावरून दोरानं लोंबकळत काम करायला खलाशी आणले होते असंही लोक सांगतात. खरं-खोटं माहीत नाही, पण ती वाट पाहिली की पटतं. १९२१ मध्ये राजा तेरावा आल्फोन्सो जवळच्या धरणाच्या समारंभासाठी आला आणि या वाटेनं गेला. तेव्हापासून तिचं नाव 'कामिनितो देल रेय', म्हणजे राजाची छोटी पायवाट. राजा एकदाच चालला. कालवेवाले रोज चालत होते. नाव मात्र राजाचं!

पुढं देखभाल थांबली आणि वाट खचत गेली. काँक्रीट गळून पडलं, काही ठिकाणी नुसती तुळई उरली. मग धाडसी गिर्यारोहकांना तिची ओढ लागली. जगातली सर्वांत धोक्याची पायवाट म्हणून तिचं नाव झालं. १९९९ आणि २००० साली तिथं तरुण मुलं पडून दगावली, तेव्हा सरकारनं दोन्ही टोकांचा रस्ता तोडून वाट बंद केली. तरी चोरून जाणारे जातच होते. शेवटी २०१४ मध्ये दुरुस्ती हाती घेतली गेली. सामान हेलिकॉप्टरनं उतरवलं, आणि मार्च २०१५ मध्ये नवी वाट लोकांना खुली झाली. आता तिकीट काढावं लागतं, डोक्यावर हेल्मेट सक्तीचं, आणि जायचं ते एकाच दिशेनं. पायाखाली लाकडी फळ्या, एका बाजूला तारांचा कठडा.

पण त्यांनी एक गोष्ट फार शहाणपणाची केली. जुनी वाट काढून टाकली नाही. नवीन फळ्यांच्या खाली ती तशीच दिसते. तुटलेली, मधेच गायब झालेली, गंजलेल्या तुळयांवर अडकून राहिलेली. मी फळ्यांवर उभा राहून खाली पाहत होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, चक्कर येतेय का?" चक्कर येत नव्हती. मला आमचे नाना आठवले.

नाना आमच्या शाखेवर पाटकरी होते. वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, तरी मला 'साहेब' म्हणायचे. त्या शाखेत साधारण चाळीस मीटरचा एक टप्पा डोंगराच्या कडेनं खोदलेला होता. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला ओढ्याची खोल दरी, मधे अरुंद वाट. आम्ही दोघं तिथून गेलो, की नाना न सांगता दरीच्या बाजूला व्हायचे आणि मला आतल्या बाजूला घ्यायचे. त्या टप्प्याला कठडा हवा म्हणून मी अंदाजपत्रक करून वर पाठवलं. ते शेरा मारून परत आलं. मी पुन्हा पाठवलं नाही. दुसऱ्या कामांच्या गडबडीत राहून गेलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. रब्बीच्या आवर्तनात एका रात्री नाना गस्तीला गेले आणि परत आले नाहीत. सकाळी ओढ्यात सापडले. कठडा पुढच्याच वर्षी झाला. चाळीस मीटर.

क्षमा करा, विषय सोडला असं वाटेल. पण त्या घळीत माझ्या डोक्यात हेच होतं. परत आल्यावर पुण्यातल्या एका तरुण ट्रेकरला मी फोटो दाखवले. तो म्हणाला, "काका, फळ्या टाकून त्यांनी वाटेची पार वाट लावली. थरारच गेला." त्याचं म्हणणं मला समजतं. सह्याद्रीतल्या प्रत्येक कातळटप्प्याला रेलिंग लावा असं मीही म्हणणार नाही. पण जो हौसेनं चालतो, तो धोका निवडून जातो. अंधारात कालव्याचं पाणी पाहायला जाणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं.

तर श्रोतेहो, ही झाली दक्षिणेची वाट. उत्तरेला निघण्याआधी थोडी व्यवहाराची माहिती. स्पेनमधल्या पायवाटांवर दगडांवर, झाडांवर रंगाचे दोन पट्टे मारलेले असतात. पांढरा-लाल म्हणजे पन्नास किलोमीटरहून लांबची वाट, पांढरा-पिवळा म्हणजे दहा ते पन्नास किलोमीटरची, आणि पांढरा-हिरवा म्हणजे त्याहून छोटी. त्याच रंगांची फुली दिसली, की समजायचं, आपण चुकलो, मागं फिरा. इतकी सोपी खूण, आणि भाषा येत नसली तरी अडत नाही. आपल्याकडे बाण रंगवतात, पण ते कुठल्या वर्षीचे आणि कुणी काढलेले हे कळायला मार्ग नसतो!

उत्तरेला, समुद्रापासून फारसे दूर नसलेले 'पिकोस दे एउरोपा' नावाचे डोंगर आहेत. नावाचा अर्थ युरोपची शिखरं. काही सुळके २६०० मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जवळजवळ हजार मीटरनं उंच. त्यांच्यामधून कारेस नावाची नदी वाहते. तिच्या घळीतून पोन्सेबोस ते काईन अशी सुमारे बारा किलोमीटरची वाट आहे. सौ.नं या खेपेला साफ नकार दिला. ती काब्रालेस भागातल्या एका गावात थांबली. हा भाग निळ्या बुरशीच्या चीजसाठी प्रसिद्ध आहे. डोंगरातल्या गुहांत ते मुरवतात. त्याचा वास सहन करायला गिर्यारोहणापेक्षा जास्त धैर्य लागतं, असं तिचं मत आहे.

या वाटेची जन्मकथाही तीच. काईनला नदीचं पाणी वळवून पोन्सेबोसच्या वीजकेंद्राला न्यायचा कालवा १९१६ ते १९२१ च्या सुमारास खोदला गेला. बोगदे, उघडे पाट, पुन्हा बोगदे. पुढं त्याच्या देखभालीसाठी १९४५ ते १९५० या काळात कड्यात सुरुंग लावून आजची वाट कोरली. या कामांत मजुरांचे बळी गेले.

कालव्याच्या माणसाला इथं एक गंमत चटकन कळते. एवढ्या उभ्या कड्यांतून जाणारी ही वाट बहुतांश सपाट आहे. का? कारण कालव्याला चढ चालत नाही. पाण्याला किंचित उतार हवा आणि तो मैलोन् मैल सांभाळावा लागतो. वाट पाण्याच्या सोबतीनं जाते, म्हणून चालणाऱ्यालाही चढावं लागत नाही. पोन्सेबोसकडून निघालं की सुरुवातीला तेवढा दमछाक करणारा चढ लागतो. वीजकेंद्र खाली नदीपाशी आणि कालवा वर कड्यात, म्हणून. ज्या उंचीवरून पाणी खाली पडून वीज देतं, ती उंची आपण पायांनी मोजतो.

चढ संपला, की दोन्ही अंगांना करडे-पांढरे कडे आणि खाली कुठंतरी नदीचा आवाज. वाट दीड मीटरभर रुंद, आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. शेळ्या मात्र कडेवर उभ्या राहून आपल्या पिशवीत काय आहे ते पाहतात. वर चढलेल्या शेळ्यांच्या खुरांनी दगड सुटतात, त्यामुळे मधूनमधून वर कान ठेवून चालायचं. काईन जवळ आलं, की वाट कातळातल्या बोगद्यांत शिरते. त्यांना नदीच्या बाजूनं खिडक्यांसारखी भोकं आहेत. आत ठिबक, अंधार, आणि शेजारून कालव्याचं गार पाणी. मला तर घरी आल्यासारखं वाटलं.

काईन हे चिमुकलं गाव. इथून चालत पोन्सेबोस बारा किलोमीटर. गाडीनं डोंगराला वळसा घालून जायचं, तर शंभरेक किलोमीटर. काईनची माणसं मरत नाहीत, ती कड्यावरून पडतात, अशी त्या मुलखात म्हण आहे. याच गावचा मेंढपाळ ग्रेगोरियो पेरेस. १९०४ च्या ऑगस्टमध्ये तो आणि पेद्रो पिदाल नावाचा उमराव नारान्हो दे बुल्नेस या सुळक्यावर पहिल्यांदा चढले. पुढं पिदाल यांच्याच खटपटीनं १९१६ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९१८ मध्ये याच डोंगरांत स्पेनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं.

पोन्सेबोसच्या वरच्या अंगाला बुल्नेस नावाचं गाव आहे. त्याला आजही मोटाररस्ता नाही. २००१ साली डोंगराच्या पोटातून बोगदा काढून तिथवर दोरावर ओढली जाणारी रेल्वे केली, तेव्हा निसर्गप्रेमींनी विरोध केला होता. त्याआधी बर्फात माणूस आजारी पडला, तर पायवाटेशिवाय दुसरा मार्ग नव्हता. मी गावकऱ्यांच्या बाजूचा आहे.

काईनला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही परत निघालो. घळीत धुकं होतं, पर्यटक अजून कुणी नव्हते. बोगदे संपले तिथं समोरून एक माणूस आला. पन्नाशीचा, अंगात कामाचं जाकीट, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि लांब दांड्याचा आकडा. कालव्याच्या जाळीवर अडकलेला पाचोळा काढायला निघाला होता. मुलीनं दुभाषाचं काम केलं. मीही कालव्यावरचा, असं कळल्यावर त्यानं माझा हात घट्ट दाबला आणि काहीतरी भराभर बोलला. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, तो विचारतोय, तुमच्याकडेही पाचोळा असाच येतो का?" मी म्हटलं, "सांग त्याला, आमच्याकडे प्लास्टिकही येतं." तो म्हणाला, इथंही येतं.

वाट अरुंद होती. निरोप घेताना मी सवयीनं कड्याला पाठ लावून त्याला जागा दिली. तो दरीच्या बाजूनं, अगदी कडेनं, खाली न बघता पुढं गेला.